घडीच्या कापडाचे चक्र : आधाराचे कापड कसे निवडावे?



शिवणकामात वरचे कापड निवडताना आपण दहा दुकाने फिरतो. रंग, छपाई, पोत, किंमत सारे काही पारखून घेतो. परंतु त्या कापडाच्या आत कोणता आधार घालावयाचा, हा प्रश्न आला की हाताला लागेल तो तुकडा उचलतो. आतले कोणाला दिसणार, अशी आपली समजूत असते. वस्तू तयार झाल्यावर ती पहिल्या दिवशी छानच दिसते. दोन महिन्यांनी मात्र ती एका बाजूस ओघळते, वाटीसारखी वळते किंवा तिच्यावर चुण्या पडतात. तेव्हा दोष वरच्या कापडाला अथवा शिवणाऱ्या हाताला दिला जातो. खरा दोष बहुधा आतल्या आधाराचा असतो. प्रस्तुत लेखात घडीच्या कापडाचे चक्र हे एकच उदाहरण घेऊन आधाराचे कापड कसे निवडावे, याचा विचार करावयाचा आहे.

हे चक्र म्हणजे काय?

कापडाच्या लहान चौकोनांना घड्या घालून तिकोन करावयाचे आणि ते एकावर एक, गोलाकार ओळींत शिवून फुलासारखे कडे तयार करावयाचे, असे हे काम आहे. अमेरिका व इंग्लंडमधील रजईकामात ही पद्धत रुळलेली आहे. तेथे अशा तिकोनांना 'प्रेअरी पॉइंट' म्हणतात आणि घड्यांच्या ताऱ्याला 'सॉमरसेट' पद्धतीचा तारा म्हणतात. नाताळात दारावर लावावयाचे कडे याच पद्धतीने कापडातही करतात.

घडीच्या तिकोनाची ही कल्पना आपल्या शेजारीही आढळते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेले कापडाचे तिकोन बसवितात आणि त्यांना 'फुला' म्हणतात. या गोधडीचा पाया बहुधा जुन्या साडीचा असतो. जुनी साडी तर मऊ आणि ढिली. तरी कवंदी वर्षानुवर्षे टिकते. याचे कारण तिच्यावर काठापासून मध्यापर्यंत जवळजवळ घातलेला धावदोरा होय. म्हणजे टाके हाही एक आधारच आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी. आपल्या चक्रात मात्र टाक्यांच्या मोजक्याच गोल ओळी असतात. म्हणून येथे पायाच्या कापडावर अधिक भार पडतो.

घडीचे गणित

दहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन घ्या. तो कोपऱ्यावर कोपरा ठेवून तिरपा दुमडा. तयार झालेला तिकोन पुन्हा मधोमध दुमडा. आता जो लहान तिकोन मिळाला, त्याचा पाया दहा सेंटिमीटर आणि उंची पाच सेंटिमीटर असते. सर्व कच्च्या कडा पायाकडे एकत्र येतात आणि उरलेल्या दोन्ही बाजूंना बंद घडी मिळते. या एका तिकोनात कापडाचे चार थर असतात. शेजारचा तिकोन निम्म्यापर्यंत त्याच्यावर चढविला की शिवणीखाली आठ थर येतात.

कच्ची कडा १५, १३ आणि ११ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळांवर ठेवून तीन ओळी केल्या व प्रत्येक ओळीत वीस तिकोन बसविले, तर एकूण साठ तिकोन लागतात. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात एका रांगेत नऊ चौकोन बसतात. म्हणजे सात रांगांसाठी सत्तर सेंटिमीटर कापड पुरेसे होते. कापड एका चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे धरले, तर साठ घड्यांचे वजन सुमारे ७० ग्रॅम भरते. हे सगळे वजन साडेपाच सेंटिमीटर रुंदीच्या एका कड्याने उचलावयाचे असते.

आता दुसरी बाजू पाहा. पायाचे प्रत्यक्ष कडे, म्हणजे बाहेरून साडेसोळा आणि आतून अकरा सेंटिमीटर त्रिज्येची पट्टी, क्षेत्रफळाने सुमारे ४७५ चौरस सेंटिमीटर भरते. घड्यांना लागलेल्या ६००० चौरस सेंटिमीटरच्या हा बारावा हिस्सादेखील नाही. आपण काटकसर करतो ती नेमकी या बाराव्या हिश्श्यात, आणि त्यामुळे उरलेल्या अकरा हिश्श्यांवरील कापड व श्रम धोक्यात घालतो.

कापड कोठे ओढले जाते?

विणलेल्या कापडात उभा व आडवा असे दोन धागे असतात. या दोन दिशांना ओढले तर कापड फारसे ताणत नाही. तिरपे, म्हणजे उरेब दिशेने ओढले तर ते चटकन लांबते. शिवणकाम शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे ठाऊक असते. परंतु त्याचा चक्राशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही.

एका कापडातून गोल कडे कापले, तर घड्याळातील बारा, तीन, सहा आणि नऊ या जागी त्याची कडा सरळ धाग्यावर येते. मात्र दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहा या चार जागी ती पूर्ण उरेबावर येते. म्हणजे एकाच कड्याच्या चार जागा मजबूत आणि चार जागा कमकुवत असतात. मशीनखाली फिरविताना हाताची ओढ बसते ती या कमकुवत जागांनाच जाणवते. पुढे भिंतीवर टांगल्यावर वजनही तेथेच काम करते. परिणामी गोलाचा लंबगोल होतो. शिवाय तिकोनांच्या दोन्ही बंद कडाही उरेबावरच असतात. म्हणून घड्या घालतानाही त्या लांबतात व टोके वेडीवाकडी येतात.

तीन गुण, तीन कामे

आधाराच्या कापडाविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की, जितके कडक तितके चांगले. वास्तविक येथे तीन निरनिराळे गुण आहेत आणि त्यांची गल्लत करता कामा नये.

(१) स्थैर्य – कापडाने ताणले न जाणे.
(२) ताठपणा – कापडाने न वाकणे.
(३) फुगीरपणा – कामाला जाडी व मऊ उठाव येणे.

कागद ताठ असतो, पण भिजला की त्याचा आधार संपतो. मांजरपाट वाकते, पण सरळ धाग्यावर ताणत नाही. फायबरची शीट फुगीर असते, पण तिला ताणले की ती विस्कटते. आपल्या चक्राला सर्वप्रथम स्थैर्य हवे, त्यानंतर थोडा ताठपणा हवा, आणि फुगीरपणा तर घड्यांतूनच मिळतो. ही क्रमवारी मनात पक्की असेल, तर दुकानदाराने पुढे केलेल्या दहा प्रकारांतून निवड करणे कठीण जात नाही.

बाजारात मिळणारे आधार

मांजरपाट : हा सर्वांत साधा व भरवशाचा पाया होय. कोरे मांजरपाट पाण्याने आटते, म्हणून ते कापण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे. ही पायरी टाळली तर पहिल्याच धुण्यात पाया आटतो आणि वरच्या घड्यांवर चुण्या पडतात. जुनी सुती चादर आधीच आटलेली असते, हा तिचा फायदा. मात्र ती उजेडात धरून पाहावी. विरलेली असेल तर पायासाठी घेऊ नये.

बकरम : हे खळ किंवा तत्सम पदार्थ देऊन कडक केलेले सुती कापड होय. ते हातात घेताच विश्वास वाटतो. परंतु खळीचा कडकपणा दमट हवेत सैल पडतो आणि धुतल्यावर बराचसा निघून जातो. घडी पडली तर तेथे कायमची मोड राहते. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळा काढावयाचा असेल, तर केवळ बकरमवर विसंबू नये.

फ्युजिंग : याच्या एका बाजूस डिंकाचे बारीक ठिपके असतात आणि ते इस्त्रीच्या उष्णतेने वितळून कापडाला चिकटतात. याचे दोन प्रकार आहेत. एक विणलेला आणि दुसरा न विणलेला. न विणलेल्या प्रकारात धागे नसून तंतू दाबून एकत्र बांधलेले असतात. जर्मनीतील फ्रॉइडेनबर्ग कंपनीने १९४८ मध्ये 'व्लीझेलिन' या नावाने असे अस्तर बाजारात आणले आणि पुढे हा प्रकार जगभर पसरला. न विणलेले फ्युजिंग कापल्यावर उसवत नाही, ही सोय आहे. पण पुष्कळ प्रकारांत ते एका दिशेने मजबूत व दुसऱ्या दिशेने दुबळे असते. खरेदीपूर्वी तुकडा दोन्ही दिशांना ओढून पाहावा. चक्रासाठी विणलेले, मध्यम वजनाचे फ्युजिंग अधिक योग्य.

फाडून काढावयाचा कागद : भरतकामाखाली असा आधार लावतात व काम झाल्यावर तो फाडून काढतात. त्याचा उपयोग शिवताना कापड सरकू न देण्यापुरता असतो. वस्तू तयार झाल्यावर तो उरत नाही, म्हणून त्याला पाया समजू नये. साधा पातळ कागद वापरला तरी चालतो. वर्तमानपत्र मात्र वापरू नये, कारण शाई कापडाला लागते. टाका बारीक, सुमारे दीड ते दोन मिलिमीटरचा ठेवला की कागद सहज फाटतो.

फायबर शीट व फोम : फायबर शीट रजईला ऊब व उठाव देते, ताण रोखण्यासाठी ती नव्हे. पातळ फोम चक्राला आकार देतो, पण आठ थरांखाली तो दाबला जातो आणि गरम इस्त्री सहन करीत नाही. घालावयाचाच असेल तर पाया व पाठीचे कापड यांच्यामध्ये, सर्वांत शेवटी घालावा.

पुठ्ठा : शाळेच्या प्रदर्शनापुरता ठीक. ओल लागली की तो वाकतो, आणि मैद्याची खळ लावलेली असल्यास झुरळांना व कसरीला आमंत्रण मिळते. त्याऐवजी पाठीमागे बांबूच्या कामटीचे किंवा तारेचे कडे घालावे. तार घ्यावयाची तर गंज न धरणारी घ्यावी.

माझी शिफारस

भिंतीवर टांगण्याच्या चक्रासाठी मांजरपाटाचे दोन थर घ्यावेत. पहिल्या थराचा उभा धागा सरळ ठेवावा आणि दुसरा थर त्याच्याशी ४५ अंशांत फिरवून ठेवावा. असे केले की एका थराची कमकुवत उरेब जागा जेथे येते, तेथे दुसऱ्या थराचा सरळ धागा येतो आणि कडे सर्व बाजूंनी सारखे बळकट होते. या एका युक्तीला अधिक कापडाखेरीज काहीही खर्च नाही. दोन्ही थर धावदोऱ्याने एकत्र टाचून घ्यावेत व खालच्या बाजूस विणलेले फ्युजिंग चिकटवावे.

टेबलावर ठेवण्याच्या व वरचेवर धुण्याच्या कामासाठी फ्युजिंग वगळून केवळ मांजरपाटाचे दोन थर पुरेत. शाळकरी विद्यार्थ्यांनी पहिला नमुना करताना जुन्या चादरीचे दोन थर वापरले तरी शिकण्याचे काम उत्तम होईल.

कृतीचे टप्पे

(१) पायाचे दोन्ही थर ४० सेंटिमीटर बाजूचे पूर्ण चौकोन ठेवावेत. कडे आधी कापू नये. चौकोनावर तीन वर्तुळे आखून घ्यावीत आणि सर्व शिवण झाल्यावरच गोल कापावे. अखंड चौकोनाच्या कडा सरळ धाग्यावर असतात, म्हणून मशीनखाली तो ताणत नाही.

(२) फ्युजिंग लावताना इस्त्री घासू नये, उचलून ठेवावी. एका जागी दहा ते पंधरा सेकंद दाबून धरावी व पूर्ण थंड होईपर्यंत कापड हलवू नये. इस्त्रीवरील एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन ठिपके १५० आणि तीन ठिपके २०० अंश. बहुतेक फ्युजिंगला दोन ठिपक्यांची उष्णता पुरते, तरी आधी लहान तुकड्यावर पारख करावी.

(३) घड्यांच्या कापडाला कापण्यापूर्वी हलकी कांजी देऊन इस्त्री करावी. त्यामुळे उरेब कडा लांबत नाहीत व टोके टोकदार येतात. प्रत्येक तिकोनात फ्युजिंग घालण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास आठ थरांऐवजी भिंतच तयार होते आणि सुई मोडते.

(४) सर्वांत बाहेरची ओळ आधी शिवावी, मग आतली. टोके बाहेरच्या दिशेस ठेवावीत. आतल्या ओळीच्या घड्या बाहेरच्या ओळीच्या कच्च्या कडा झाकतात. ओळींतील अंतर दोन सेंटिमीटरपेक्षा वाढवू नये, नाहीतर मधून कच्ची कडा डोकावते. पायाचे जे कोपरे वर्तुळाबाहेर येतील, ते शिवण सांभाळून कात्रीने छाटावेत.

(५) १६ नंबरची सुई आणि सुमारे तीन मिलिमीटरचा टाका ठेवावा. दोऱ्याचा ताण कमी करावा. ताण अधिक असेल तर शिवणीची गोल ओळ आवळते आणि चक्र वाटीसारखे वळते.

(६) पायाची बाहेरची कडा पहिल्या ओळीच्या कच्च्या कडेपासून दीड सेंटिमीटर बाहेर कापावी व आतली कडा तिसऱ्या ओळीच्या कच्च्या कडेबरोबर कापावी. आतल्या कडेवर उरेब पट्टी बसवावी. सुमारे ७५ सेंटिमीटर लांबीची पट्टी पुरते. पायात जो उरेब आपल्याला त्रास देत होता, तोच येथे गोलावर न चुणता बसून उपयोगी पडतो.

(७) पाठीला अस्तर तुरपून दोन फासे लावावेत, एक दहा वाजण्याच्या जागी व दुसरा दोनच्या जागी. एकाच फाशावर टांगल्यास सगळा भार एका ठिकाणी येतो.

चार कसोट्या

कोणताही नवा आधार विकत घेतल्यावर त्याचा वीतभर तुकडा घ्यावा, त्यावर चार तिकोन शिवावेत आणि पुढील कसोट्या लावाव्यात.

ओढण्याची कसोटी : तुकडा तिरपा ओढून सोडावा. पूर्वीच्या मापावर परत आला पाहिजे.
चुरगाळण्याची कसोटी : मुठीत दाबून सोडावा. कायमची मोड राहता कामा नये.
भिजविण्याची कसोटी : रात्रभर पाण्यात ठेवून वाळवावा व पुन्हा मोजावा.
टोचण्याची कसोटी : शिवताना सुईला डिंक चिकटतो का, टाके सुटतात का, हे पाहावे.

या चारही कसोट्यांना मिळून एक दिवस लागतो. साठ घड्या घालून, शिवून झाल्यावर उसवावयास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

कष्टाचा हिशेब

बँकेच्या काउंटरवर शिलाई मशीनसाठी कर्ज घेणाऱ्या भगिनी नेहमी भेटतात. त्यांची बोटे कुशल असतात, कष्टाची तयारी असते. त्यांचा हप्ता थकतो तो आळसामुळे क्वचितच. एखादी मागणी पुरी केल्यावर माल परत येतो, पैसे अडकतात, कापडाची उधारी डोक्यावर राहते आणि पुढची मागणी येत नाही. गिऱ्हाईक परत करताना "कापड वाईट" असे म्हणत नाही. "आकार गेला" असे म्हणते. आकार सांभाळणे हे तर आतल्या आधाराचे काम. ज्या भगिनीकडे भांडवल कमी आहे, तिला एक खराब खेप सोसवत नाही. म्हणून आधाराची निवड हा हौसेचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे.

यासाठी मालाची किंमत ठरविताना कागदावर चार रकाने आखावेत : वरचे कापड, आधार, दोरा-सुई व वेळ. चारही रकाने प्रामाणिकपणे भरले की आधाराचा आकडा सर्वांत लहानांपैकी एक निघतो आणि वेळेचा आकडा सर्वांत मोठा. लहान आकडा आणखी लहान करण्यासाठी मोठा आकडा पणाला लावणे, हा व्यवहार कोणत्याही वहीत नफ्याचा ठरत नाही.

विद्यार्थ्यांनी या लेखातील मापांवरून एक चक्र अवश्य करून पाहावे. दोन नमुने केले तर अधिक चांगले : एक एकेरी पायाचा व दुसरा ४५ अंशांत फिरविलेल्या दुहेरी पायाचा. दोन्ही शेजारी शेजारी एक पावसाळा टांगून ठेवावेत आणि दर महिन्याला उभे व आडवे माप वहीत लिहावे. कोणता पाया टिकला, हे मग दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही. आपल्याच वहीतील आकडे ते सांगतील, आणि पुढे विक्रीसाठी काम घेताना तीच वही उपयोगी पडेल.